एचडी चित्रतबकड्यांची स्पर्धा : ब्ल्यू-रे व एचडी डीव्हीडी

घरी चित्रपट पाहण्यासाठी एचडी (हाय डेफिनिशन, म्हणजे अधिक स्पष्ट चित्राच्या) दर्जाची तबकडी कोणत्या प्रमाणानुसार (ठरावीक तांत्रिक रचनेनुसार) काढावी, यावरून ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन प्रमाणांत झालेली औद्योगिक चढाओढ. तिचा काळ सामान्यतः २००२ ते २००८ असा धरतात. दुकानांत दोन्ही तबकड्या समोरासमोर होत्या तो काळ मात्र दोन वर्षांहूनही कमी भरतो. ब्ल्यू-रेच्या बाजूस सोनी, मात्सुशिता (पॅनासॉनिक), फिलिप्स, पायोनियर, सॅमसंग, एलजी इत्यादी कंपन्या होत्या. एचडी डीव्हीडीच्या बाजूस तोशिबा, एनईसी आणि पुढे मायक्रोसॉफ्ट. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. सातारा व सांगली जिल्ह्यांत याच सुमारास व्हीसीडीकडून डीव्हीडीकडे स्थित्यंतर चालू होते, त्यामुळे या स्पर्धेचा तेथील अनुभव वेगळा ठरतो.

प्रारंभाचा प्रश्न : स्पर्धा नेमकी केव्हा सुरू झाली याविषयी एकमत नाही. नऊ कंपन्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये ब्ल्यू-रेची घोषणा केली, तेथून प्रारंभ धरण्याकडे बहुतेकांचा कल आहे. सोनी व पायोनियर यांनी २००० साली जपानमधील प्रदर्शनात ‘डीव्हीआर ब्ल्यू’ हे प्रारूप मांडले होते, त्यामुळे काही जण दोन वर्षे मागे जातात. पण त्या वेळी समोर प्रतिस्पर्धी नव्हता. तोशिबा-एनईसीची ‘अॅडव्हान्स्ड ऑप्टिकल डिस्क’ ऑगस्ट २००२ मध्ये पुढे आली आणि डीव्हीडीची प्रमाणे ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या संघटनेने ती नोव्हेंबर २००३ मध्ये एचडी डीव्हीडी म्हणून स्वीकारली. दोन पक्ष उभे राहिल्याखेरीज स्पर्धा म्हणता येत नसल्याने २००२ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

दोन्ही प्रमाणांचा पाया एकच, तो म्हणजे ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट-निळा लेसर. गॅलियम नायट्राइडवर आधारित असा लेसर डायोड १९९० च्या दशकाच्या मध्यास निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला. नाकामुरा यांना आकासाकी व अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले ते निळ्या एलईडीसाठी, लेसरसाठी नव्हे. हा भेद ध्यानात ठेवावा.

तांत्रिक भेद : लेसर समान असताना क्षमतेत मोठी तफावत पडली ती भिंग आणि आवरण-थर (माहितीवरचा पारदर्शक थर) यांमुळे. लेसरचा ठिपका किती बारीक होईल हे तरंगलांबीला भिंगाच्या संख्यात्मक द्वारकाने (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते ते सांगणाऱ्या आकड्याने) भागून कळते. डीव्हीडीत ६५० नॅनोमीटर व ०.६० यांवरून ही किंमत सुमारे १,०८० येते, एचडी डीव्हीडीत (४०५ व ०.६५) सुमारे ६२० आणि ब्ल्यू-रेत (४०५ व ०.८५) सुमारे ४८०. माहिती पृष्ठभागावर पसरलेली असते, म्हणून या किमतींच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. तसे केल्यास एचडी डीव्हीडीची क्षमता डीव्हीडीच्या तिप्पट आणि ब्ल्यू-रेची पाचपट निघते. एका थरावर डीव्हीडीत ४.७, एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्ल्यू-रेत २५ गिगाबाइट मावतात. म्हणजे क्षमतेचे जवळजवळ सारे गणित या एका भागाकारात आहे. दोन थरांच्या तबकड्यांत हे आकडे दुप्पट होऊन ३० व ५० होतात. माहितीच्या लगतच्या वेढ्यांतील अंतर डीव्हीडीत ०.७४ मायक्रोमीटर होते, ते अनुक्रमे ०.४० व ०.३२ वर आले.

मोठ्या द्वारकाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तबकडी किंचित तिरकी झाली की ठिपका शेपटासारखा विस्कटतो. हा दोष आवरणाच्या जाडीच्या समप्रमाणात, द्वारकाच्या घनाच्या समप्रमाणात आणि तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. डीव्हीडीचे ०.६ मिमी जाडीचे आवरण तसेच ठेवून ब्ल्यू-रेचे भिंग वापरले असते, तर दोष साडेचार पटींनी वाढला असता. म्हणून माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिमी अंतरावर आणला गेला. त्यामुळे दोष डीव्हीडीच्याही खाली, सुमारे पाऊणपट राहिला. एचडी डीव्हीडीने ०.६ मिमीच कायम ठेवले आणि दुप्पट दोष यंत्रातील दुरुस्तीवर सोपवला. या निर्णयाने तिला मोठा व्यावहारिक लाभ झाला. डीव्हीडीचे छपाई-कारखाने किरकोळ फेरफारांनी चालवता आले आणि एका बाजूस डीव्हीडी, दुसऱ्या बाजूस एचडी डीव्हीडी अशी जोड-तबकडीही काढता आली. ब्ल्यू-रेसाठी नवी यंत्रसामग्री लागली.

पातळ आवरणाचा आणखी एक परिणाम म्हणजे धूळ व ओरखडे. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर किरणशलाकेचा व्यास सुमारे अर्धा मिमी असतो, त्यामुळे बारीक कणाची सावली तिच्यात हरवून जाते. ब्ल्यू-रेत तो व्यास सुमारे एक अष्टमांश मिमी, म्हणजे तोच कण शलाकेचा बराच भाग अडवतो. याच भीतीने २००३ सालच्या सोनीच्या पहिल्या रेकॉर्डरसाठी तबकडी प्लॅस्टिकच्या कवचात बंद होती. टीडीके या जपानी कंपनीने २००४ मध्ये कठीण लेप तयार केल्यावर कवच गळाले. २००५ मध्ये दोन्ही पक्षांत एकीकरणाची बोलणी झाली, ती मुख्यतः याच ०.१ की ०.६ या मुद्द्यावर फिसकटली. ‘अहंकारामुळे तडजोड झाली नाही’ असे सरसकट लिहिले जाते. पण आवरणाची जाडी ही मधला आकडा काढून मिटवता येण्याजोगी बाब नव्हती.

चित्रसंकेतनाच्या, म्हणजे चित्र कमी जागेत साठवण्याच्या, पद्धती (एमपीईजी-२, व्हीसी-१, एच.२६४) आणि एएसीएस ही नक्कलरोधक व्यवस्था दोन्हींत समान होती. ब्ल्यू-रेने तिच्यावर आणखी एक कुलूप आणि प्रदेश-संकेत (तबकडी ठरावीक प्रदेशातील प्लेअरवरच चालू देणारी खूण) घातले. एचडी डीव्हीडीस प्रदेश-संकेत नव्हता.

बाजारातील घडामोडी : तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर मार्च २००६ अखेरीस जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. सॅमसंगचा पहिला ब्ल्यू-रे प्लेअर जूनमध्ये ९९९ डॉलरला निघाला. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ हा खेळयंत्रातच ब्ल्यू-रे घेऊन आला, तर मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा जोड-ड्राइव्ह वेगळा विकला. युनिव्हर्सल केवळ एचडी डीव्हीडीकडे. सोनी, डिस्ने व फॉक्स केवळ ब्ल्यू-रेकडे. पॅरामाउंट व वॉर्नर दोन्हींकडे अशी स्टुडिओंची विभागणी होती. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट व ड्रीमवर्क्स अॅनिमेशन एचडी डीव्हीडीकडे वळले. त्यासाठी त्यांना १५ कोटी डॉलर दिले गेल्याचे वृत्त त्या वेळी छापून आले होते. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने तोशिबाचा प्लेअर ९८.८७ डॉलरला विकून पाहिला.

४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्ल्यू-रेची एकट्याची बाजू घेतली. पुढे नेटफ्लिक्स (तेव्हा तबकड्या भाड्याने देणारी कंपनी), बेस्ट बाय ही दुकानसाखळी व वॉलमार्ट यांनी फेब्रुवारीत पाठोपाठ एचडी डीव्हीडी सोडली. निकालाचे श्रेय काही जण प्लेस्टेशनला देतात, काही वॉर्नरला. खेळयंत्रांमुळे ब्ल्यू-रे वाजवणारी घरे वाढली हे खरे. पण ती २००७ मध्येही होती आणि तेव्हा पॅरामाउंट उलट दिशेने गेले होते. वॉर्नर हा घरगुती चित्रपटांचा सर्वांत मोठा वितरक असल्याने त्याच्या निर्णयास अधिक वजन देणे योग्य. १९७० च्या दशकातील बीटामॅक्स-व्हीएचएस या दोन व्हिडिओ कॅसेट-प्रमाणांच्या संघर्षाशी केली जाणारी तुलना वरवरची आहे. तेथे कळीचा मुद्दा एका कॅसेटवर किती वेळ ध्वनिचित्रमुद्रण होते हा होता.

सातारा-सांगली भागातील स्थिती : या भागात तेव्हा घरगुती चित्रपटाचे माध्यम व्हीसीडी होते. साताऱ्यातील राजपथ, सांगलीतील गणपती पेठ यांसारख्या बाजारपेठांपासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत सीडी लायब्रऱ्या होत्या. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने चित्रपट दोन तबकड्यांत येई आणि मध्यंतर आपोआप होई. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय तबकडी-उत्पादक कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणल्यावर भाड्याने नेण्याचे कारणच उरले नाही. याउलट प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. घरोघरी २१ इंची, ५७६ रेषांचे पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. त्यांवर १,०८० रेषांचे चित्र दाखवून काही साधत नव्हते. शिवाय ऐन संध्याकाळचे भारनियमन होतेच.

तबकडी परत आली की लायब्ररीवाला ती उजेडात तिरकी धरून ओरखडे पाही, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसे आणि ‘अडकते’ अशी तक्रार असली तर टूथपेस्ट चोळून पाही. ०.६ मिमी आवरणात हा इलाज बहुधा लागू पडतो, कारण वरचा थर थोडा झिजला तरी माहिती खोल असते. ब्ल्यू-रेचा कठीण लेप सहज ओरखडत नाही. पण खोल ओरखड्यावर घासाघीस केली तर लेप जातो आणि खाली जेमतेम ०.१ मिमी उरते. गावोगावच्या भाडे-व्यवहाराला एचडी डीव्हीडी अधिक सोसली असती, असे अनुमान करता येते.

भारत ब्ल्यू-रेच्या ‘सी’ प्रदेशात येतो, अमेरिका व जपान ‘ए’ प्रदेशात. त्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेली प्रदेश-बद्ध तबकडी येथे घेतलेल्या प्लेअरवर चालत नाही. पुढे एलसीडी टीव्ही आले तोवर डिश आणि पेन ड्राइव्ह हाताशी होते. सीडी लायब्रऱ्यांपैकी ज्या टिकल्या त्या मोबाइल रिचार्ज आणि मेमरी कार्डात सिनेमे भरून देण्याच्या धंद्याकडे वळल्या.

नंतरचा काळ : तोशिबा २००९ मध्ये ब्ल्यू-रे संघटनेत दाखल झाली. एचडी डीव्हीडीच्या रचनेवर आधारलेली सीबीएचडी ही तबकडी चीनमध्ये काही काळ विकली गेली. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणे थांबवले, तर सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुद्रणयोग्य (स्वतः माहिती भरता येणाऱ्या) ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. छापील चित्रपट-तबकड्या मात्र अद्याप निघतात.