ट्रॉली वर अडकवली की पकड वाढते?

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला की कोणीतरी हमखास सांगतं, "ट्रॉली वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकव. मागच्या चाकांवर भार येतो, चाकं घसरत नाहीत." यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे.

भार येतो, पण तो पुढच्या चाकांवरून काढून घेतलेला असतो. ओढ मागच्या आसाच्या वरून लागली की ट्रॅक्टर त्याच आसाभोवती मागे फिरू पाहतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही. चढावर क्लच झटक्यात सोडला, तर ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायला दीड सेकंदही पुरतो. तेवढ्यात पाय क्लचवर पोचत नाही हो! ट्रॉली आसाच्या खाली, ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्यालाच) जोडा; पिनला लॉक हवंच. पकड कमी वाटली तर चाकांना वजनं लावा, टायरमध्ये पाणी भरा.

"ओढली म्हणजे पेलली" हाही गैरसमजच. वीस किलोचे दीडशे टोमॅटो क्रेट म्हणजे 3 टन, आणि छोटा ट्रॅक्टर जेमतेम टनभराचा. सपाटीवर तो ओढेलही, पण थांबवणार कोण? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, आडवी होते आणि ट्रॅक्टरलाही फिरवते. त्यामुळे माल दोन खेपांत न्या. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून ठेवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नको.