पिल्लाचे जुलाब थांबत का नाहीत?

सोलापुरात मांजराचं पिल्लू बहुधा कुणी विकत आणत नाही, ते येतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांमागे सापडतं, नाहीतर जुळे सोलापुरातल्या एखाद्या पार्किंगमध्ये गाडीच्या चाकापाशी ओरडत बसलेलं असतं. घरात आलं की आधी बशीभर दूध पुढ्यात येतं, रात्री दुधात कुस्करलेली भाकरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळ शी सुरू. मग मेडिकलमधून आणलेलं जंताचं औषध, शेजारच्या काकूंचं "दहीभात घाला की, थांबतंय बघा". आणि थांबतंही. चार दिवसांनी पुन्हा तेच. असा महिना निघून जातो. पिल्लू खातंय, उड्या मारतंय, पण शी काही बांधून होत नाही.

दोन-तीन आठवड्यांहून जास्त लांबलेल्या जुलाबांना पशुवैद्यक जुनाट समजतात, आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. अशा वेळी आणखी एक औषध शोधण्यापेक्षा शी तपासून घ्यावी, ताजी आणि एकापेक्षा जास्त वेळा, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात काही पिल्लांना तपासण्यांची वाट पाहण्याइतका वेळच नसतो. जुलाबांबरोबर उलट्या, खाणं बंद, मलूलपणा किंवा अंग गार पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पॅनल्युकोपेनिया हा पार्व्हो गटातल्या विषाणूचा आजार लस न झालेल्या पिल्लाला बघता बघता नेतो. पाण्याचा हिशोबही लक्षात घ्या. पाचशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगातून ५० मिलिलिटर पाणी गेलं, तर वजनाच्या १० टक्के गेलं. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, ते भरून काढायला तोंडाने पाजणं पुरत नाही, सलाईनच लागतं.

आता दूध. आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर असतं. आईचं दूध सुटू लागलं की ते कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात, पोट फुगतं आणि शी पातळ होते. शिवाय गाईच्या दुधात जेवढी प्रथिनं असतात त्याच्या दुपटीहून जास्त मांजरीच्या दुधात असतात, त्यामुळे अगदी तान्ह्या पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही. त्याला मांजरांसाठी बनवलेली दूध-पावडरच हवी. भाकरीचं तर विचारूच नका. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं आणि ज्वारीत नसतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं.

म्हणून पहिला प्रयोग घरीच, फुकटात करायचा. दूध पूर्ण बंद. पिल्लांचं एकच खाद्य, किंवा मीठ-मसाला-लसूण काहीही न घातलेलं उकडलेलं चिकन, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. उकडलेलं चिकन काही दिवसांपुरतंच, ते पूर्ण अन्न नाही. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. आणि पोटाला आराम म्हणून पिल्लाला उपाशी ठेवू नका, एवढ्याशा जिवाची रक्तातली साखर लगेच उतरते. आठवड्याभरात शी बांधली गेली तर विषय संपला. नाही बांधली, तर आतड्यात कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असण्याची शक्यता मोठी.

या आठवड्यात दोन गोष्टी लिहून ठेवा. एक म्हणजे वजन, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर, रोज त्याच वेळी. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. दुसरी गोष्ट शीची तऱ्हा. ढीगभर, पाणचट, दिवसातून दोन-तीनदा आणि वजन घटतंय, तर बिघाड बहुतेक लहान आतड्यात. थोडी थोडी, सारखी, कुंथत, शेंबासारखी आव आणि कधी लाल रक्ताचा ठिपका असेल, तर मोठ्या आतड्यात. डॉक्टरांना "जुलाब होतायत" यापेक्षा हे सांगितलेलं कितीतरी उपयोगी पडतं. सांगायला लाज वाटते हा भाग वेगळा.

जंताचं औषध देऊनही फरक का पडत नाही, याची दोन कारणं आहेत. गोलकृमी पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतात, त्यामुळे रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लात ते असतात असं धरून चालायचं. पायरँटेलसारखं औषध आतड्यातले जंत मारतं, पण शरीरात फिरणाऱ्या अळ्यांपर्यंत पोचत नाही. त्या मागाहून आतड्यात उतरतात. म्हणून डोस वजनावर मोजून, दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागतो. दुसरं कारण असं की पायरँटेल एकपेशीय परजीवींना काहीच करत नाही. आणि बरे होऊन पुन्हा उलटणाऱ्या जुलाबांमागे पुष्कळदा तेच असतात: कॉक्सिडिया, जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास.

जिआर्डिया माणसाने पहिल्यांदा पाहिला १६८१ मध्ये. लेव्हेनहुक या डच सूक्ष्मदर्शककाराने स्वतःचं पोट बिघडलेलं असताना स्वतःचीच शी सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. आज दवाखान्यात तेच करतात. काचपट्टीवर सलाईनचा थेंब, त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढी शी कालवायची, वर पातळ काच. नीट फोकस केलं की हिरवट-पिवळ्या कचऱ्यातून काहीतरी हलताना दिसतं. जिआर्डिया झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत जातो. ट्रायकोमोनास झटके देत पुढे सरकतो, त्याच्या कडेचा पडदा लहरत असतो. दोन्ही ओळखायचे ते मुख्यतः चालीवरून, आणि खरी अडचण तिथेच आहे. सकाळची शी दुपारपर्यंत ठेवली, फ्रीजमध्ये ठेवली किंवा उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून नेली, की ट्रायकोमोनास मरतो आणि मेलेला ओळखू येत नाही. रिपोर्ट "काही नाही" असा येतो. जंतांची अंडी आणि जिआर्डियाच्या पुट्या, म्हणजे कवचात बंद झालेलं त्याचं रूप, तर रोज शीत पडतातच असं नाही. त्यामुळे एका दिवसाआड तीन नमुने, शक्यतो शी केल्या केल्या, झाकणाच्या डबीत. जिआर्डियासाठी वेगळी प्रतिजन चाचणीही आहे, ती शीत त्याच्या प्रथिनांचा माग काढते.

निदान झालं तरी काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं घरातल्या फरशीवर आहे. कॉक्सिडियाची अंडी बाहेर पडल्या पडल्या संसर्ग करू शकत नाहीत. ती पिकायला साधारण एक-दोन दिवस जातात आणि उबेत ती लवकर पिकतात, म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा त्यांच्या सोयीचा. दिवसातून दोनदा वाळूचा ट्रे साफ केला की ही साखळी तुटते. जिआर्डियाची पुटी मात्र बाहेर येते ती तयारच असते. ओल हवी एवढीच तिची अट. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात पिंप आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात, आणि पिल्लू मोरीतल्या बादलीत तोंड घालतं. त्याला उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या वाटीत द्या. अंगाखालचा जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवून गच्चीवर कडक वाळवा. वाळण्यापुढे ही पुटी टिकत नाही, इथे ऊन आपल्या बाजूने आहे. उपचार संपताना पिल्लाचा मागचा भाग धुवायचा, कारण केसांना चिकटलेल्या पुट्या ते स्वतःच चाटून पुन्हा पोटात घेतं.

फरशीला फिनेल मात्र नको. फिनेल, डेटॉल यांतली फिनॉल गटातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पिल्लू ओले पाय चाटतं. त्याच यकृतामुळे पॅरासिटामॉलही मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आपल्या घरातली जुलाब थांबवायची गोळीही द्यायची नाही. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ते घेतलं की शी दोन दिवसांत सुधारते, म्हणून ते पुन्हा पुन्हा लिहून दिलं जातं. पण ते आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचीही वाताहत करतं, आणि ट्रायकोमोनासवर त्याचा भरवसा नाही.

ट्रायकोमोनासवर चालतं ते रोनिडॅझोल, तेही निदान पक्कं झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मात्रा थोडी जास्त झाली तर पिल्लाचा तोल जातो, अंग थरथरतं. औषध न देताही बहुतेक मांजरांचे हे जुलाब दोन वर्षांच्या आत आपोआप थांबतात. शी गोवऱ्यांच्या शेणासारखी आणि दुर्गंधी असते खरी, पण पिल्लू खेळत असेल आणि काट्यावरचा आकडा चढत असेल, तर डॉक्टर कधीकधी थांबायलाच सांगतात.