घरगुती जनित्रसंच

घरगुती जनित्रसंच : महावितरणचा पुरवठा बंद असताना घरापुरती वीज तयार करणारी, इंजिन आणि अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यातून वीज निर्माण करणारा भाग) यांची एकत्र बसवलेली जोडी. बोलण्यात ‘जनरेटर’, सोसायट्यांमध्ये ‘डीजी’ (डिझेल जनरेटर). पुण्याचे या यंत्राशी जुने नाते आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (स्थापना १९४६) खडकीची, तर कमिन्स १९६२ पासून कोथरूडमध्ये. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना पुण्यातील कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि वाढीव खर्च वीजग्राहकांनी उचलायचा, अशी योजना राबवली गेली. शहर भारनियमनातून सुटले ते अशा रीतीने.

आज पुण्यात लाइट जाते ती मुख्यतः देखभालीसाठी आणि बिघाडामुळे. देखभालीचा दिवस परंपरेने गुरुवार. एप्रिल-मेमधल्या वळवात तारांवर फांद्या पडतात, रस्ते खोदताना भूमिगत केबल तुटते. दोन-चार तासांचा हा खंड बहुतेक फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर भरून काढतो : १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी साडेतीनशे वॉटचा भार सुमारे चार तास ओढते. जनित्राची खरी गरज पडते ती पाण्याचा पंप, लिफ्ट किंवा घरातल्या रुग्णाचे ऑक्सिजनयंत्र चालू ठेवायचे असेल तेव्हा. वाघोली, उंड्री, मांजरीकडच्या बंगल्यांना आणि रो-हाउसना बोअरवेल किंवा टँकरचे पाणी टाकीत चढवावे लागते. तिथे लाइट गेली की पाणीही जाते.

क्षमता ठरवताना घराचा मंजूर भार पाहण्याची रीत आहे. तिच्यामुळे गरजेपेक्षा मोठे यंत्र गळ्यात पडते. त्याऐवजी लाइट नसताना काय चालू राहिलेच पाहिजे, याची यादी करावी. दहा एलईडी दिवे १०० वॉट, चार पंखे ३००, फ्रिज २००, टीव्ही व राउटर मिळून १५०, एक अश्वशक्तीचा पंप साधारण १,०००. बेरीज पावणेदोन किलोवॉट होते. पण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून या घराला ५ केव्हीएचा संच घ्यावा लागतो (केव्हीए हे संचाच्या क्षमतेचे माप; ०.८ पॉवर फॅक्टरने ५ केव्हीए म्हणजे प्रत्यक्ष वापराची ४ किलोवॉट). पंप आधी चालू करून बाकीचा भार मागाहून टाकला, तर यंत्राला धाप लागत नाही. गीझर एकटाच दोन किलोवॉट खातो, त्याला यादीबाहेर ठेवावे. बोअरवेलची मोटर किंवा लिफ्ट थ्री-फेज असेल तर संचही थ्री-फेजच हवा.

‘पुढे एसी घेतला तर’ म्हणून १५ केव्हीएचा संच घेणारे पुष्कळ. डिझेल इंजिन सतत हलक्या भारावर चालले की इंधन पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी आणि तेल साठते, इंजिन लवकर थकते. खर्चही आहेच : मध्यम आकाराचा संच चांगल्या भारावर असताना एका लिटर डिझेलमधून तीन ते साडेतीन युनिट देतो, हलक्या भारावर त्याहून कमी. पेट्रोलवर चालणारे उचलून नेण्याजोगे संच एक-दोन तासांच्या किरकोळ गरजेला पुरतात.

जागेचा प्रश्न पेठांमध्ये बहुधा सुटतच नाही. कॅनोपी (आवाज अडवणारी पेटी) बसवलेल्या संचाचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असू शकतो, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. बंगल्याच्या बाजूच्या अरुंद पट्टीत संच ठेवला तर तो शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखालीच येतो. त्यांच्याशी आधी बोलावे, संच बसवल्यावर नव्हे. धुराड्याच्या उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे : इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. २५ केव्हीएला छपराच्या वर एक मीटर. १ जुलै २०२३ पासून नव्या संचांना मंडळाचे अधिक कडक उत्सर्जन निकष लागू झाले आहेत. स्वस्तात मिळणारा जुना संच घेताना हे तपासावे.

संच बंद खोलीत, जिन्याखाली किंवा कोंदट तळघरात कधीही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. ओढा किंवा नदी जवळ असेल तर चौथरा उंच बांधावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेने पार्किंगमध्ये पाणी आणले होते.

जोडणीत सर्वांत महत्त्वाचा भाग चेंजओव्हर स्विच. घर एका वेळी महावितरणला किंवा जनित्रालाच जोडलेले राहील, दोन्हींना कधीच नाही, हे तो पाहतो. न्यूट्रलही तोडणारा असावा : सिंगल-फेजला दोन पोलचा, थ्री-फेजला चार पोलचा. दोन्ही टोकांना पिनटॉप लावलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालून घर ‘पेटवण्याची’ युक्ती काही ठिकाणी चालते. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलट रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते आणि तिथे हजारो व्होल्टची होऊन लाइनवर चढते. पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन त्यात जीव गमावू शकतो. म्हणून हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, संचाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि ठरावीक क्षमतेवरील संचासाठी विद्युत निरीक्षकाची मान्यता घ्यावी.

छपरावर सौर पॅनेल असलेल्या घरांत आणखी एक पेच असतो. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप थांबतो. जनित्र सुरू झाल्यावर मात्र तो त्यालाच ग्रिड समजून जागा होऊ शकतो, आणि घरात न खपलेली सौर वीज अल्टरनेटरमध्ये घुसते. हे टाळायला सौर जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला घ्यावी.

वापर क्वचितच होत असल्याने देखभाल विसरली जाते. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे संच खऱ्या भारावर चालवावा, इंधनाच्या टाकीच्या तळाशी जमलेले पाणी पावसाळ्यात काढावे, तेल व फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावेत. ऐन वेळी संच सुरू झाला नाही तर आधी स्टार्टरची बॅटरी पाहावी. बहुतेक वेळा ती उतरलेली असते.