पार्श्वभूमी : प्रकाशाचा वेग आणि त्याची हद्द

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर त्रिपूर पेटतो. समजा, त्या गडावर एकाला झाकलेला कंदील देऊन उभे केले, दुसऱ्याला तसाच कंदील देऊन नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर, आणि असे ठरवले की बर्डीचा उजेड दिसताच रामटेकच्या माणसाने आपल्या कंदिलाचे झाकण सारायचे. बर्डीवरच्या माणसाला उलट उजेड दिसायला किती वेळ लागेल? गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच प्रयोग सांगितला आहे आणि एका मैलाहून कमी अंतरावर तो करून पाहिल्याचेही म्हटले आहे. प्रकाश त्याच क्षणी पोहोचतो की त्याला थोडा वेळ लागतो, हे त्याला ठरवता आले नाही. रामटेकला सरळ रेषेत जाऊन यायचे अंतर सुमारे ७५ किलोमीटर भरते आणि प्रकाश ते सेकंदाच्या चार हजाराव्या भागात कापतो. झाकण सारणाऱ्या हाताला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो.

तेव्हा अंतर आकाशातच शोधावे लागले. गुरूचा आयो हा चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून बाहेर येतो, म्हणजे ते एक घड्याळच आहे. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञाच्या लक्षात आले की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना हे घड्याळ मागे पडते आणि जवळ येत असताना पुढे जाते. आयोच्या गतीत दोष नाही, त्याच्याकडून निघालेल्या प्रकाशाला वाढलेले अंतर कापावे लागते, असा अर्थ त्याने लावला आणि ९ नोव्हेंबर १६७६ रोजी आयो हिशेबापेक्षा १० मिनिटे उशिरा सावलीबाहेर येईल, असे आधीच सांगून ठेवले. तसेच घडले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, हा त्याचा आकडा आजच्या सुमारे १७ मिनिटांपेक्षा बराच मोठा आहे. पण प्रकाशालाही वेळ लागतो, हे प्रथम वेधांतून दाखवून दिले ते त्यानेच, आणि या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल मी तेच मानतो.

पृथ्वीवरचे पहिले यशस्वी मोजमाप १८४९ साली फिझो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने केले. पॅरिसजवळ साडेआठ किलोमीटरांहून थोड्या जास्त अंतरावर त्याने आरसा ठेवला आणि ७२० दात्यांचे चाक वेगाने फिरवून दोन दात्यांच्या फटीतून प्रकाश सोडला. तो परत येईपर्यंत फटीच्या जागी पुढचा दाता आला की उजेड दिसेनासा होई, आणि त्या वेळच्या चाकाच्या गतीवरून प्रकाशाचा वेग काढता येई. फूकोने १८६२ साली फिरत्या आरशाने तो सेकंदाला २,९८,००० किलोमीटर असा काढला.

पुढचा प्रश्न अधिक खोल होता. हा वेग नेमका कशाच्या संदर्भात मोजायचा? प्रकाशलहरी ‘ईथर’ नावाच्या माध्यमातून जातात, असे तेव्हा सर्वमान्य होते. तसे असेल तर सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या पृथ्वीवर प्रकाशाचा वेग वेगवेगळ्या दिशांना थोडा वेगळा दिसायला हवा. मायकेलसन आणि मॉर्ली या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १८८७ साली पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवले, शिळा सावकाश फिरवत निरीक्षणे घेतली, आणि अपेक्षित फरक त्यांना सापडला नाही.

‘प्रकाशापेक्षा वेगाने का जाता येत नाही?’ या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा ‘आइन्स्टाइनने तसे सांगितले म्हणून’ असे उत्तर मिळते. ते अपुरे आहे, आणि मुलांना तर ते देऊच नये. प्रकाशाचा निर्वातातला वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच दिसतो, हे १९०५ साली त्याने गृहीत धरले आणि त्याची किंमत म्हणून सर्वांचा काळ एकच असतो ही समजूत सोडून दिली. प्रकाशकिरणाचा कितीही पाठलाग केला तरी पाठलाग करणाऱ्याला तो त्याच वेगाने दूर जाताना दिसत असेल, तर त्याला गाठणे शक्यच नाही. पदार्थाचा वेग या हद्दीजवळ जाऊ लागला की तो आणखी थोडा वाढवायलाही अधिकाधिक ऊर्जा लागते, आणि हद्द गाठायची तर ती अमर्याद लागेल. शिवाय याहून वेगवान संदेश पाठवता आला असता, तर काही निरीक्षकांना कार्य आधी आणि कारण नंतर घडलेले दिसले असते. ही हद्द वस्तुतः अवकाश आणि काळ यांच्या रचनेची आहे. प्रकाशाला वस्तुमान नसल्यामुळे तो तिच्यावर धावतो.

बर्टोझी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४ साली हे इलेक्ट्रॉनांवर पडताळून दाखवले. दीड कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा दिलेला इलेक्ट्रॉन न्यूटनच्या सूत्राप्रमाणे प्रकाशाच्या साडेसात पटींहून अधिक वेगाने जायला हवा; प्रत्यक्षात तो प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाऊन तिथेच थांबला. इटलीतल्या एका भूमिगत प्रयोगशाळेत २०११ साली न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे ६० अब्जांश) आधी पोहोचल्याचे दिसले तेव्हा जगभर खळबळ उडाली, पण पुढच्याच वर्षी प्रकाशतंतूची एक केबल नीट बसली नव्हती, असे निष्पन्न झाले.

दरम्यान मोजमाप इतके काटेकोर झाले होते की मीटरची जुनी व्याख्याच त्यापुढे अपुरी पडू लागली. म्हणून १९८३ साली वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवला आणि मीटरच त्यावरून बांधला. इतवारीच्या कापडबाजारात पट्टीने मोजून फाडला जाणारा एक मीटर म्हणजे तेव्हापासून, व्याख्येनुसार, प्रकाशाने निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात कापलेले अंतर आहे.