मेलेले जिवाणू आणि भिजवलेली मेथी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्यातल्या कित्येकांची गोष्ट त्या एका फोटोत आली. वजनकाटा 'सगळं ठीक' म्हणतो आणि चरबी पोटात साठत राहते.

म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच मोजपट्टी हाताशी हवी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा पुढे, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी १५० किंवा अधिक, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी (पुरुषांत ४०च्या, स्त्रियांत ५०च्या खाली). या पाचांतल्या तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट इथूनच जाते.

असा रिपोर्ट आला की घरात डब्या-बाटल्या जमू लागतात. त्यात हल्ली प्रोबायोटिक कॅप्सूल असतेच. पुरेशा संख्येने पोटात गेल्यावर तब्येतीला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, ही प्रोबायोटिकची जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली व्याख्या. घरचं दही उत्तमच, पण विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत हे ठाऊक नसल्याने ते या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही.

'जिवंत' या शब्दाला बेल्जियममधल्या एका प्रयोगाने धक्का दिला. ॲकरमॅन्सिया हा आतड्याच्या अस्तरावरच्या चिकट श्लेष्मावर जगणारा जिवाणू. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जादा वजनाच्या, इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या ३२ जणांनी तीन महिने भाग घेतला. काहींना जिवंत जिवाणू, काहींना पाश्चरायझेशन करून, म्हणजे तापवून, मारलेले, काहींना जिवाणू नसलेली नुसतीच खोटी पुडी. इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली ती मेलेले जिवाणू घेणाऱ्यांची, खोट्या पुडीच्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी! त्यांचं कोलेस्टेरॉलही थोडं उतरलं. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रथिन उष्णतेतही टिकतं आणि आतड्याची भिंत घट्ट ठेवायला मदत करतं, हे त्याआधी उंदरांत दिसलं होतं. अर्थात वजनात ठोस फरक पडला नाही, आणि ३२ माणसं म्हणजे फारच थोडी.

याच जिवाणूची दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. उंदरांच्या आहारातला चोथा, म्हणजे फायबर, काढून टाकल्यावर ॲकरमॅन्सिया आणि त्याचे काही सोबती वाढले खरे, पण आतड्याचं रक्षण करणारा श्लेष्माचा थर पातळ झाला. बाहेरून चोथा मिळेना म्हणून जिवाणूंनी घरच कुरतडलं. जिवाणू विकत आणून उपयोग काय, त्यांना जेवायलाच घातलं नाही तर?

ते जेवण आपल्या स्वयंपाकघरात आहे: ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, इसबगोल. मेथीदाण्यातला बुळबुळीत चोथा साखरेचं शोषण मंदावतो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर केलेल्या प्रयोगांत रोजचं प्रमाण २५ ते १०० ग्रॅम होतं. सकाळी भिजवलेल्या चमचाभर मेथीने तेवढ्या परिणामाची आशा धरू नये. इसबगोलाचा पुरावा जास्त भक्कम आहे. रोज दहाएक ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत, काही आठवडे घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थोडं पण नक्की उतरतं.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र सोडायला हवी. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या मुंबईतल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. दारुहळदीतलं बर्बेरिन साखर खरोखर उतरवतं, म्हणूनच ते मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला मनाने सुरू केलं तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते, आणि गरोदरपणात ते घेऊच नये. इसबगोलही गोळ्यांसोबत घेतलं तर त्यांचं शोषण अडवू शकतं. मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत. पुढच्या तपासणीला जाताना या सगळ्या बाटल्या, घरच्या चूर्णाच्या डबीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.