'डिलीट' म्हणजे नेमकं काय जातं?

२००५ साली गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचा प्रोग्रॅम आणला. तुम्ही पुढे कुठल्या लिंकवर क्लिक कराल याचा अंदाज बांधून तो ती पानं आधीच मागवून ठेवायचा, म्हणजे पान चटकन उघडावं. पण त्या काळी बऱ्याच वेब ॲप्समध्ये 'डिलीट' हीसुद्धा साधी लिंकच असायची. प्रोग्रॅमने इतर लिंक उघडल्या तशा त्याही उघडल्या, आणि लोकांच्या नोंदी नाहीशा होऊ लागल्या. वेबच्या नियमांत १९९९ सालीच लिहून ठेवलं होतं, की 'गेट' प्रकारच्या विनंतीने (साधी लिंक उघडली की हीच जाते) माहिती फक्त आणावी, काही बदलू नये. नियम मोडूनही तोवर निभावलं, कारण 'डिलीट' हा शब्द वाचून माणूस हात आवरता घेतो. त्या प्रोग्रॅमला शब्दाशी देणंघेणंच नव्हतं.

आजचे एआय एजंट शब्द वाचतात. एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल, ज्याच्या हाती काही टूल्स दिलेली असतात: फाइल वाचणं, डेटाबेसमध्ये शोधणं, सर्व्हर बंद करणं. प्रत्येक टूलचं नाव आणि दोनचार ओळींचं वर्णन मॉडेलला दिलेलं असतं, आणि कोणतं टूल केव्हा वापरायचं हे ते मुख्यतः त्यावरूनच ठरवतं. नव्या माणसाला शेजारचा अनुभवी सहकारी "थांब, त्याला हात लावू नकोस" म्हणून अडवतो. एजंटच्या शेजारी बहुतेक वेळा कोणी नसतं. त्याच्यापुढे असतो तो आपण लिहिलेला मजकूर.

समजा, एका टूलचं वर्णन आहे: "क्लीनअप – जुना डेटा साफ करते." जुना म्हणजे किती जुना? साफ करणं म्हणजे बाजूला काढून ठेवणं, की कायमचं पुसणं? डिस्क भरल्याची तक्रार आली की एजंटला हेच टूल योग्य वाटणार, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही. मी तेच असं लिहीन: "दिलेल्या तारखेआधीच्या सगळ्या नोंदी आणि त्यांना जोडलेल्या फाइल्स कायमच्या पुसते. पुसलेलं परत आणता येत नाही. हे टूल बॅकअप घेत नाही. तारीख दिली नाही तर चालत नाही. आधी ड्राय रन करा. किती नोंदी जातील ते दिसेल आणि काहीही पुसलं जाणार नाही. आकडा वापरणाऱ्याला दाखवा, त्याने होकार दिल्यावरच पुढे जा." वर्णन लांबलं खरं, पण इथे शब्दांची काटकसर महागात पडते.

परत आणता येतं की नाही, ही ओळ तर मला सगळ्यात मोलाची वाटते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून चालवण्याच्या सेवेच्या एआय एजंटने, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. वर त्याने सांगितलं, की हे आता मागे घेता येणार नाही. प्रत्यक्षात रोलबॅक, म्हणजे डेटाबेस आधीच्या स्थितीला नेणं, चाललं आणि डेटा परत मिळाला. त्या क्षणी एजंटचं ऐकून कोणी प्रयत्नच सोडून दिला असता तर? म्हणून परतीची वाट कुठून आहे आणि ती किती काळ खुली राहते, हे पुसणाऱ्या टूलच्या वर्णनातच हवं.

'गिट' या, कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधला फरक बघा. कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेलं, काम 'रीसेट हार्ड' या मागच्या स्थितीला नेणाऱ्या कमांडने दिसेनासं झालं, तरी रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटने ठेवलेल्या हालचालींच्या यादीतून, काही दिवस सापडू शकतं. त्याच कमांडने कमिट न केलेले बदल मात्र गेले की गेले. 'गिट क्लीन' तर ज्या फाइल्स गिटमध्ये कधी आल्याच नाहीत त्याच पुसते, म्हणजे गिटकडे त्यांची प्रत असण्याचा प्रश्नच नाही. तिन्हींना 'बदल काढून टाकते' म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही, पण कामाचंही नाही.

एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. मर्ज न झालेली ब्रँच, म्हणजे मुख्य कामात अजून न मिसळलेली वेगळी शाखा, कमांडमध्ये लहान 'डी' लिहून पुसायला गेलं तर गिट अडवतं आणि सुचवतं: खात्री असेल तर मोठा 'डी' वापरा. "खात्री असेल तर" या शब्दांपाशी माणूस घुटमळतो. काम तडीस न्यायला निघालेला एजंट त्यातून पुढची कमांड उचलू शकतो. अशा मेसेजमध्ये आडवाटेच्या आधी कारण यावं: या ब्रँचवरचे अमुक कमिट दुसरीकडे कुठेही नाहीत.

अर्थात मजकूर म्हणजे कुलूप नव्हे. जे पुसण्याचा अधिकार एजंटला नकोच, तो देऊच नये; चालू डेटाबेसची चावी वेगळी ठेवावी. एजंटला टूल्स जोडण्यासाठी अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. त्यात टूलवर खुणा करता येतात: हे फक्त वाचतं, हे नुकसान करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी जास्तीचा परिणाम होत नाही. या खुणा म्हणजे निव्वळ सूचना आहेत. टूल्स पुरवणाऱ्या अनोळखी सर्व्हरने लावलेल्या खुणांवर भिस्त ठेवू नका, असं तो प्रोटोकॉलच सांगतो. आणि टूल लिहिणाऱ्याने कुठलीच खूण केली नसेल, तर ते टूल नुकसान करू शकतं असंच त्यात धरलेलं आहे.