कार्बचा स्क्रू बाहेर काढला की मिक्श्चर रिचच होतं, हे खरं नाही

ड्युअल-स्पोर्ट (रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी) बाईक घरी ट्यून करणाऱ्यांना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, की कार्बचा (कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू बाहेर फिरवला की मिक्श्चर रिच होतं म्हणजे पेट्रोल वाढतं, आत घेतला की कमी होतं. अर्धंच खरं आहे हे, आणि त्यापायी चांगली इंजिनं उगाच गरम होतात म्हणून जीव तुटतो.

आधी स्क्रू कुठे आहे ते बघा. स्लाईडच्या (कार्बमधला, थ्रॉटल दिल्यावर वर उचलला जाणारा हवेचा दरवाजा) इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू, बाहेर काढला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू, तिथे बाहेर काढला की हवा वाढते म्हणजे लीन, एकदम उलटं!

आणि दोन्हींचा जोर फक्त आयडल ते साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच. त्यापुढे पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल (स्लाईडला लावलेली निमुळती सुई) आणि मग मेन जेट (पेट्रोलचं मुख्य छिद्र) पेट्रोल ठरवतात, त्यामुळे फुल थ्रॉटलला गाडी अडखळत असेल तर हा स्क्रू कितीही फिरवा, काही फरक पडणार नाही.

स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा, जोर लावलात तर टोक मोडून सीटमध्येच (टोक बसतं त्या छिद्रात) अडकतं. फ्युएल स्क्रूच्या टोकाला बारीक स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग असते, ओ-रिंग बरेचदा आत चिकटून राहते आणि आपल्याला वाटतं नव्हतीच, म्हणून टॉर्च मारून बघाच. सेटिंग करायचं ते इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, पाव-पाव फेरा फिरवत.